शून्य जुळतंय, तरी जॉब परत येतोय: गेज सांभाळायला शिकणाऱ्यांसाठी

क्वालिटीत किंवा टूलरूममध्ये नव्याने आलेल्या माणसाच्या हाती मायक्रोमीटर (बारीक मापं घ्यायचा गेज) लगेच येतो. तो वाचायचा कसा हे शिकून झालेलं असतं. लीस्ट काउंट, स्लीव्ह, थिंबल, रॅचेट यांवर इथे वेळ घालवत नाही. हातातला मायक्रोमीटर आज खरं सांगतोय की नाही, हे ओळखायला मात्र फारसं कुणी शिकवत नाही, आणि नोकरीतल्या पहिल्या वर्षाचे बरेचसे मनस्ताप तिथूनच सुरू होतात.

सकाळी मायक्रोमीटरची तोंडं (जॉबला, म्हणजे मोजायच्या भागाला, टेकणारे दोन सपाट पृष्ठभाग) पुसली, स्पिंडल (पुढे-मागे सरकणारी दांडी) बंद केला, रॅचेट तीनदा वाजवला, शून्यावर शून्य आलं, की गेज ओके. बहुतेक ठिकाणी रोजची तपासणी एवढ्यावरच संपते. नवा माणूसही तेवढंच शिकतो आणि निर्धास्त होतो. हा सापळा मी मुद्दाम लांबवून सांगणार आहे, कारण तो दिसत नाही आणि त्यात सापडलेल्या माणसाला आपण कुठे चुकलो हेही बराच काळ कळत नाही.

शून्य जुळलं याचा अर्थ इतकाच, की दोन्ही तोंडं एकमेकांना टेकलेली असताना स्केल शून्य दाखवतोय. ८ मिलिमीटरवर किंवा १७ मिलिमीटरवर काय चाललंय, याबद्दल ते शून्य काहीही सांगत नाही.

एक उदाहरण जवळून बघू. ० ते २५ मिलिमीटरच्या मायक्रोमीटरचं तोंड साधारण साडेसहा मिलिमीटर व्यासाचं असतं. एका लाइनवर वर्षभर ८ मिलिमीटरची पिनच मोजली जाते. ऑपरेटर ती रोज त्याच दिशेने, तोंडाच्या बरोबर मध्यावर घालतो. पिन गोल असल्यामुळे ती तोंडाला एका रेषेतच टेकते आणि सगळी झीज त्या रेषेवर होते. हळूहळू तिथे डोळ्याला न दिसणारा चर पडतो. समजा, दोन्ही तोंडांचे चर मिळून ४ मायक्रॉन (०.००४ मिलिमीटर) झाले. आता मायक्रोमीटर बंद करा. चराच्या दोन्ही बाजूंचा न झिजलेला भाग एकमेकांना टेकतो आणि शून्य चोख येतं. मग पिन घाला. ती चरात बसते, स्पिंडल ४ मायक्रॉन जास्त आत येतो आणि माप तेवढंच कमी दिसतं. ड्रॉइंगवर वरची मर्यादा ८.००८ आहे, पिन खरी ८.०१० आहे, वाचन मिळालं ८.००६. पिन पास झाली आणि पुढे असेंब्लीत अडकली.

आता हाच मायक्रोमीटर स्लिप गेज (अचूक ठरावीक जाडीचा सपाट तुकडा) लावून तपासला, तर काय होईल? स्लिप सपाट असते. तीसुद्धा चराच्या काठांवरच टेकते आणि माप बरोबर दाखवते. म्हणजे शून्यही ओके, स्लिपही ओके, जॉब मात्र चुकीचा. नव्या माणसाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास इथे उडतो. आपलाच हात जड पडत असेल असं वाटून तो रॅचेट हलका फिरवायला लागतो, पुन्हा पुन्हा मोजतो. चूक हाताची नसते, हे आधी मनात पक्कं धरा.

चर सापडवायचे दोन मार्ग आहेत. ज्याचं माप पक्कं ठाऊक आहे अशी मास्टर पिन घ्या आणि रोज जॉब जिथे, ज्या दिशेने घालता तिथे मोजा. मग मायक्रोमीटर न हलवता पिनची दिशा तोंडावर ९० अंशांनी बदलून, म्हणजे पिन आधीच्या रेषेला आडवी घालून, पुन्हा मोजा. दोन वाचनांत २ मायक्रॉनचा फरक आला तरी संशय धरा. जॉब लहान किंवा गोळीच्या आकाराचा असेल तर झीज मध्यावर खळग्यासारखी होते. तिथे स्टीलची अचूक गोळी मध्यावर आणि मग चारही कडांजवळ मोजून बघा. दुसरा मार्ग ऑप्टिकल फ्लॅटचा (अगदी सपाट काचेची चकती). एकरंगी प्रकाशाखाली तो तोंडावर ठेवला की पट्टे दिसतात आणि एक पट्टा म्हणजे साधारण ०.३ मायक्रॉन. पट्टे सरळ आणि समान अंतरावर असतील तर तोंड सपाट आहे. मध्येच वाकत असतील तर झीज तिथे आहे. हे एकदा अनुभवी माणसाच्या शेजारी उभं राहून बघाच. अर्ध्या तासात जे कळतं ते वाचून कळत नाही.

स्क्रूची झीज ही याच सापळ्याची दुसरी बाजू. रोज एकाच मापाच्या आसपास काम झालं की स्पिंडलच्या आट्यांचा तेवढाच भाग झिजतो. तो पकडायला स्लिप गेजच हवेत, पण ५, १०, १५, २० अशा गोल आकड्यांवर तपासून उपयोग नाही. स्पिंडलचा पिच (एका फेऱ्यात सरकणारं अंतर) ०.५ मिलिमीटर आहे, त्यामुळे या सगळ्या मापांना थिंबल पूर्ण फेरे घेऊन त्याच कोनात येऊन थांबतो. एका फेऱ्याच्या आत स्क्रू कुठे पुढे-मागे होतोय ते दिसतच नाही. म्हणून तपासणीची मापं २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९, १५.०, १७.६, २०.२, २२.८ आणि २५.० अशी विचित्र वाटणारी असतात. ५.१ ला थिंबल फेऱ्याच्या पाचव्या हिश्शावर थांबतो, ७.७ ला दोन पंचमांशावर, पुढेही तसंच. पूर्ण कॅलिब्रेशनला (गेज प्रमाणित मापांशी ताडून बघताना) ही दहाही मापं घ्या. रोजच्या तपासणीला शून्य आणि ज्या मापावर काम चालू आहे त्याच्या जवळची एक स्लिप किंवा मास्टर पिन पुरते. पाच मिनिटांचं काम आहे आणि एवढं केलं तरी तुम्ही बहुतेकांच्या पुढे असाल. घाबरून जाण्यासारखं यात काही नाही.

रोज सकाळी पाना घेऊन शून्य जुळवणं हा शॉर्टकट मला मुळीच मान्य नाही. शून्य सरकलंय म्हणजे काहीतरी घडलंय. आधी तोंडं साफ करा: धागे न सोडणारा स्वच्छ कागद दोन्ही तोंडांत हलका धरून बाहेर ओढा आणि पुन्हा बघा. निम्म्याहून जास्त वेळा दोष तोंडावर चिकटलेल्या तेलाच्या थराचा किंवा बारीक कणाचा असतो. साफ करूनही फरक राहिला तरच जुळवणी करा. फरक ०.०१ च्या आत असेल तर स्लीव्ह फिरवून, त्याहून जास्त असेल तर थिंबल सैल करून. किती फरक होता ते रजिस्टरला लिहा. त्याच गेजला महिन्यात तिसऱ्यांदा जुळवणी लागली तर तो वापरातून काढा. जुळवणीचा पाना एकाच माणसाच्या ताब्यात असावा, सगळ्यांच्या टेबलावर नको. ऑपरेटरने शून्य जुळवून टाकलं की गेज कधी बिघडला याचा मागच पुसला जातो.

मागाचा मुद्दा इतका का ताणतोय, तर कॅलिब्रेशनला गेज चुकीचा निघतो तेव्हा प्रश्न त्या एका गेजपुरता राहत नाही. मागच्या वेळी तो बरोबर असल्याची नोंद जिथे आहे, तिथपासून आजपर्यंत त्याने मोजलेला सगळा माल संशयात येतो. नोंद वर्षापूर्वीच्या कॅलिब्रेशनची असेल तर वर्षभराचा माल. रोजच्या तपासणीची असेल तर एका शिफ्टचा. रजिस्टरमधली ती एक ओळ भरायला कंटाळू नका.

आता प्लग गेज, म्हणजे भोक तपासायचा दंडगोल: किमान मापाची गो बाजू आत गेली पाहिजे, कमाल मापाची नो-गो बाजू जाता कामा नये. गो बाजू लांब आणि नो-गो बाजू आखूड का असते, हे विल्यम टेलरच्या १९०५ च्या तत्त्वात आहे: गो बाजूने भोकाचा पूर्ण आकार आणि लांबी एकदम तपासायची, नो-गोने एकेक माप वेगळं. झिजेच्या दृष्टीने मात्र वेगळंच लक्षात ठेवायचं. गो बाजू प्रत्येक चांगल्या जॉबमध्ये पूर्ण आत जाते, म्हणून झिजते तीच. प्लग झिजला की लहान होतो आणि किमान मर्यादेहून लहान भोकंही पास करतो. नो-गो झिजला तर तो चांगल्या भोकातही शिरायला लागतो आणि चांगला माल रिजेक्ट होतो. पहिल्या चुकीत वाईट माल पुढे जातो, दुसरीत चांगला माल अडतो. दोन्ही नुकसानच, पण ग्राहकापर्यंत पोचते ती पहिली. म्हणून गो बाजूची तपासणी नो-गोपेक्षा जास्त वेळा करा आणि ती टोकाकडे तीन ठिकाणी मोजा, कारण झीज टोकापासून सुरू होते. शाफ्ट बाहेरून तपासणाऱ्या रिंग आणि स्नॅप गेजला दिशा उलटी: गो झिजून मोठा होतो आणि जाड शाफ्ट पास करतो.

प्लग दाबायचा नसतो. भोक पुसा, बर्र (कडेला उरलेला धातूचा बारीक काटा) काढा, प्लगवर हलक्या तेलाचं बोट फिरवा आणि स्वतःच्या वजनाने किंवा दोन बोटांच्या जोराने जाऊ द्या. अडकला तर ठोकू नका. गरम जॉबमध्ये थंड प्लग सहज जातो, मग जॉब गार होऊन आवळतो आणि प्लग जाम होतो. अशा वेळी जॉब कोमट करून गेज सरळ ओढावा. थ्रेड प्लगच्या (आटे पाडलेलं भोक तपासणाऱ्या प्लगच्या) नो-गोबद्दल नव्यांचा नेहमी गोंधळ होतो. तो थोडा आत जाणं चालतं, पण दोन आट्यांहून जास्त जाता कामा नये. मनगट वळवून जोर लावलात तर कुठलाही नो-गो आत जाईल, आणि जाताना स्वतः झिजेल.

स्लिप गेजच्या बाबतीत मी सगळ्यात कडक आहे. बाकी सगळं ज्यांच्या भरवशावर तपासायचं, त्यांनाच कुणी घामट बोटांनी हाताळत असेल तर पुढचं सगळंच पोकळ. कापडावरच काम करा, उघड्या सरफेस प्लेटवर नाही. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून गंजरोधक तेल पूर्ण काढा. ब्रशने धूळ झटका. फुंकर मारू नका, थुंकीचा एक कण गंजाला पुरतो. स्टॅक बांधताना, म्हणजे स्लिप एकमेकींना जोडून हवं ते माप तयार करताना, शेवटचा आकडा आधी उडवायचा. ४१.१२५ हवं असेल तर १.००५, मग १.१२, मग ९, मग ३०. चारच तुकडे, आणि जितके कमी तितकं चांगलं.

दोन स्लिप आडव्या-उभ्या ठेवून हलक्या दाबाने फिरवल्या की एक क्षण असा येतो, की सरकणं जड होतं आणि त्या एकमेकींना धरतात. हा स्पर्श बोटांना एकदा कळला की विसरत नाही. त्याआधी खरखर जाणवली तर तिथेच थांबा. ती बारीक बर्र आहे, आणि पुढे रेटलंत तर दुसऱ्या स्लिपवर ओरखडा जाईल. बर्र काढायला स्लिपसाठीचा खास बारीक दगडच वापरा. पॉलिश पेपर अजिबात नको, कितीही बारीक असला तरी. सुटं करताना ओढू नका, सरकवा. आणि शिफ्ट संपताना जोडलेला स्टॅक तसाच ठेवून जाऊ नका. जास्त वेळ राहिल्या तर त्या इतक्या घट्ट धरतात की सोडवताना पृष्ठभाग खराब होतो. वारंवार घासल्या जाणाऱ्या टोकांना कार्बाइडच्या प्रोटेक्टर स्लिप लावा. झिजल्या तर त्या दोनच बदलाव्या लागतील.

डायल गेजबद्दल थोडक्यात. प्लंजर (जॉबला टेकून आत-बाहेर सरकणारी दांडी) अडखळतोय म्हणून त्यावर तेल सोडणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. तेलावर धूळ बसते आणि आठवड्यात तो आणखी अडखळतो. कोरडं कापड, फार तर अल्कोहोलचा ओला बोळा, एवढंच. गेज धरायची ८ मिलिमीटरची दांडी क्लॅम्पमध्ये फार आवळली तरीही प्लंजर जड होतो, म्हणून गेजला दोष देण्याआधी क्लॅम्प सैल करून बघा. लिव्हर डायलचा जॉबला टेकणारा काटा (डायलवर फिरणारा नव्हे) जॉबच्या पृष्ठभागाला जमेल तितका समांतर ठेवा. १० अंशांत खरं माप वाचनाच्या ०.९८ पट असतं, ३० अंशांत ०.८७ पट. म्हणजे १०० मायक्रॉन दिसले तर खरे ८७च.

व्हर्निअरचे जबडे बंद करून उजेडासमोर धरा. प्रकाशाची सारखी, अगदी बारीक रेघ किंवा काहीच नाही, तर ठीक. टोकाकडे फट दिसली तर टोकं झिजली आहेत. जॉब शक्यतो जबड्याच्या आतल्या बाजूला, स्केलच्या जवळ धरा. मोजायची रेषा आणि स्केलची रेषा जितकी लांब तितकी चूक वाढते, हे एर्न्स्ट आबेने १८९० मध्ये मांडलं आणि आजही व्हर्निअरची मूळ कमजोरी तीच आहे. फिरत्या जॉबवर व्हर्निअर लावणाऱ्याकडून काहीही शिकू नका, तो मशीनवर कितीही हुशार असला तरी. हाताला धोका आहे तो वेगळाच, आणि जबडे तर एका दिवसात जातात.

तापमानाचं प्रकरण लोक एक तर फार मनावर घेतात किंवा अजिबात नाही. संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस. आंतरराष्ट्रीय वजन-माप समितीने ते १९३१ मध्ये ठरवलं. १०० मिलिमीटरचं स्टील दर अंशाला सुमारे १.१५ मायक्रॉन वाढतं, ॲल्युमिनियम साधारण दुप्पट. स्टीलचा जॉब आणि स्टीलचा गेज दोन्ही एकाच तापमानाला असतील तर शॉपमध्ये ३० अंश असले तरी चूक बरीचशी एकमेकांत कटते. म्हणून एसी नाही म्हणून हताश होऊ नका. जॉब आणि गेज एकाच जाड लोखंडी प्लेटवर शेजारी ठेवा. लहान जॉबला अर्धा तास पुरतो, मोठ्याला काही तास लागतात. ॲल्युमिनियममध्ये मात्र ही सवलत नाही. ६० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा जॉब आणि स्टीलचा गेज दोन्ही ३५ अंशांना असले, तरी जॉब १० मायक्रॉन मोठा दिसतो. तिथे हिशेब करून वजा करावंच लागतं. मायक्रोमीटर फ्रेमच्या इन्सुलेटेड भागालाच धरायचा आणि २५ ते ५० किंवा त्याहून मोठ्याचा सेटिंग रॉड (तो गेज जुळवायची ठरावीक लांबीची दांडी) मुठीत आवळून ठेवायचा नाही, याचं कारणही हेच. मोठा मायक्रोमीटर ज्या स्थितीत वापरणार, आडवा की उभा, त्याच स्थितीत सेट करा, कारण फ्रेम स्वतःच्या वजनाने किंचित वाकते.

ठेवण्याच्या गोष्टी सोप्या आहेत आणि म्हणूनच राहून जातात. मायक्रोमीटर तोंडं थोडी उघडी ठेवून आणि लॉक न लावता ठेवा, म्हणजे उष्णतेने ताण येत नाही आणि तोंडांमध्ये ओल अडकत नाही. कॉम्प्रेस्ड एअरने साफ करू नका. हवेबरोबर चिप स्क्रूमध्ये शिरते. काम संपलं की पुसा, पातळ तेलाचा हात फिरवा, पेटीत ठेवा. पेटीत फोम असेल तर तो वर्षातून एकदा तरी बघा, कारण कुलंट प्यायलेला फोम आतून गंज चढवतो. मॅग्नेटिक चकजवळ किंवा मॅग्नेटिक स्टँडच्या पायाशी गेज ठेवला तर तो चुंबकीय होतो आणि मग कितीही पुसा, बारीक लोखंडी कण त्याला धरून राहतात. अशा गेजला डीमॅग्नेटायझरवरून काढा.

कॅलिब्रेशनच्या स्टिकरवर तारीख शिल्लक आहे म्हणून गेज चांगला, असं धरू नका. स्टिकर त्या एका दिवसाबद्दल सांगतो. मुदत सगळ्या गेजना सरसकट एक वर्ष ठेवण्यालाही माझा विरोध आहे. तीन शिफ्ट कास्टिंगच्या खरबरीत भोकात जाणारा प्लग आणि महिन्यातून दोनदा निघणारा मायक्रोमीटर यांना एकच मुदत कशी चालेल? मागच्या तीन कॅलिब्रेशनचे आकडे एका कागदावर शेजारी मांडा. फरक सरकत सरकत मर्यादेकडे चालला असेल तर मुदत निम्मी करा, जागचा हलत नसेल तर वाढवायला हरकत नाही.

गेज हातातून पडणं प्रत्येकाच्या वाट्याला येतं. पडला की उचलून, पुसून, शून्य बघून पुन्हा कामाला लावायची इच्छा होते आणि वर सांगितलेला सापळा तिथे पूर्ण ताकदीने काम करतो: फ्रेम वाकली आणि तोंडं समांतर राहिली नाहीत तरी शून्य जुळू शकतं. लगेच सांगा. ज्या ठिकाणी सांगणाऱ्यावर ओरडतात तिथेही सांगा, कारण लपवलेला गेज दोन दिवसांनी जास्त महाग पडतो. लाल टॅग लावून तो बाजूला काढा. समांतरता १२.००, १२.१२, १२.२५ आणि १२.३७ अशा जाडीच्या चार ऑप्टिकल पॅरलल्सनी (दोन्ही बाजू सपाट आणि समांतर असलेल्या काचेच्या चकत्यांनी) तपासली जाते. त्या चार जाड्या म्हणजे थिंबलचे जवळपास पाव-पाव फेरे, म्हणून स्पिंडल चारही बाजूंनी बघून होतो. पॅरलल्स नसतील तर अचूक गोळी मध्यावर आणि चार कडांना मोजा, आणि मग थिंबल पाव फेऱ्याने पुढे जाईल अशा दुसऱ्या मापाची गोळी घेऊन पुन्हा. हे होईपर्यंत टॅग काढू नका. टॅगवर तारीख, वेळ आणि त्या गेजने शेवटचा मोजलेला जॉब नंबर लिहा.